काम नसताना काढलेली गाडी

(हिंगोली येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'स्त्रिया आणि प्रवासाची साधने' असा छापला आहे. मी आयोजक मैत्रिणींना कळवला होता तो विषय वेगळा होता. मी लिहिलं होतं, 'गाडीवर फिरायला चांगले रस्ते'. त्यांनी प्रेमानं तो जरा भारदस्त केला. त्यांची अडचण मला कळते. सकाळपासून आपण पोटगी ऐकली, बालविवाह ऐकले, उसतोडीला जाणाऱ्या बायकांचे हाल ऐकले. आणि जेवणानंतर ही बाई उठून म्हणणार, चला, फिरायला जाऊ. पण मी तेच म्हणणार आहे. तेव्हा ज्यांना डुलकी येतेय त्यांनी खुशाल घ्यावी, मी रागावणार नाही.

माझं वय छत्तीस. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून याच जिल्ह्यात काम करते. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी कर्ज काढून स्कूटी घेतली. सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमत, कुठं बचत गटाची बैठक, कुठं किशोरी मेळावा. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर सहज होतात. कोणत्या गावाच्या वेशीवर न रंगवलेला गतिरोधक आहे आणि कोणत्या वळणावर सोयाबीन वाळत घालतात, हे मला झोपेत विचारा. एवढं असूनही पहिली आठ वर्षं मी एकदाही, अगदी एकदाही, काम नसताना गाडी काढली नव्हती. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

लक्षात आलं ते श्रावणातल्या एका रविवारी. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी ऊन पडलं होतं, घरात काही काम नव्हतं. वाटलं, औंढ्याच्या रस्त्याला जाऊन यावं. पंचवीस किलोमीटर तर आहे. निघाले, आणि दारातून परत आत आले. सर्व्हेचे फॉर्म घेतले आणि डिकीत ठेवले. कोणी विचारलं तर हाताशी असावेत म्हणून! वाटेत येहळेगावजवळ चहाला थांबले तर ओळखीचे एक काका म्हणाले, "काय ताई, आज कुठं मीटिंग?" मी म्हणाले, "औंढ्याला." मीटिंग कसली नि काय. समतेची शिबिरं घेणारी मी, एका भल्या माणसाला तोंडावर खोटं बोलले. का? 'सहज निघालेय' हे दोन शब्द जिभेवर येईनात.

घरोघरचं चित्र आठवा. संध्याकाळी घरातला पुरुष खिळ्यावरची किल्ली घेतो आणि म्हणतो, "जरा चक्कर मारून येतो." कुठं, कशाला, किती वाजता येणार, कोणी विचारत नाही. विचारलंच तर येताना कोथिंबीर आणा एवढंच. आता हेच वाक्य घरातल्या सुनेच्या तोंडी घालून पाहा. "आई, मी जरा चक्कर मारून येते." हसू आलं ना तुम्हाला? आपल्या भाषेनंच ही व्यवस्था करून ठेवली आहे. पुरुषाचा फेरफटका असतो, मुशाफिरी असते, फार झालं तर तो भटक्या. बाई मात्र हुंदडते, उंडारते. तिला भटकभवानी म्हणतात. इथून जवळच्या नर्सीचे संत नामदेव थेट पंजाबात घुमानपर्यंत फिरले, आणि त्या फिरण्याचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं. त्यांच्याच घरची म्हणवणारी जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. तिच्या नावावर कोणता प्रवास सांगितला जातो? दळण, कांडण, शेण्या वेचणं. म्हणजे घर ते रान.

बाईला निमित्त लागतं. माहेर, दवाखाना, लग्न, देव. त्यातही देव हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भक्कम निमित्त. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझ्या गटातल्या बायका माहूर, तुळजापूर, औंढा करून आल्या. मी एकीला विचारलं, "दर्शन कसं झालं?" ती म्हणाली, "दर्शन काय, रांगेतून बाहेर पडलो. पण खिडकी मिळाली होती बाई जाता-येता!" ती खिडकी तिला हवी होती. देवानं तिला ती मिळवून दिली, त्याबद्दल देवाचे आभार.

मुलींच्या सायकलींचंही असंच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, आपल्या जिल्ह्यातही मिळाल्या. चांगली योजना, शाळा सुटण्याचं एक कारण तिनं कमी केलं. पण ती सायकल सोमवार ते शनिवार मुलीची. रविवारी तुम्ही गावात जाऊन पाहा, तिच्यावर भाऊ असतो. नव्वदीच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायका हजारोंच्या संख्येनं सायकल शिकल्या. त्या काळी आपल्या शिबिरांत ते उदाहरण फार दिलं जाई. आम्ही सांगताना काय सांगायचो, तर त्यामुळे पाणी आणणं सोपं झालं, माल बाजारात नेता आला. तेही खरंच. पण शिकून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यातली एखादी उगाच गावाला चक्कर मारून आली असेल की नाही? ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं. मुंबईसारख्या शहरातसुद्धा बाईला रस्त्यावर असण्यासाठी कामाचा देखावा करावा लागतो, हे त्यांनी अभ्यासातून मांडलं. ते वाचताना मला माझे डिकीतले फॉर्म आठवले. त्याच वर्षी पुण्यात 'बायकर्नी' हा बाइकवर फिरणाऱ्या स्त्रियांचा गट सुरू झाला. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून, फेटे बांधून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो तर आपण दरवर्षी पाहतो. मला ते फोटो आवडतात. फक्त दुसऱ्या दिवशी ती बुलेट कोण चालवतं, एवढं मला जाणून घ्यायचं असतं.

कायद्यातलीही एक गंमत सांगते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते, आपण तिला साडीगार्ड म्हणतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं, धरायला दांडी असावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियमच आहे. म्हणजे ही सोय झाली ती मागच्या सीटवर. साडी पुढच्या सीटवर बसेल हे कोणाच्या मनात आलं नसावं. दुसरं, आपल्यापैकी बहुतेकींकडे लायसन्स आहे ते विनागिअरचं. घरातली मोटारसायकल गिअरची. ती रोज अंगणात उभी असते, तिची धूळ आपण पुसतो, पण कायद्यानं ती आपल्याला चालवता येत नाही. लायसन्स काढायला जाल तेव्हा थेट गिअरचं काढा. परीक्षा तेवढीच, फेऱ्याही तेवढ्याच.

तर त्या श्रावणानंतर आम्ही चौघींनी ठरवलं, महिन्यातला एक रविवार, सकाळी, काम नसताना. एक अंगणवाडीताई, एक नर्स, एक किराणा दुकान चालवणारी वहिनी आणि मी. आज आम्ही अकराजणी आहोत, गाड्या सात. आणि मग कळलं की चांगला रस्ता शोधणं हे केवढं काम आहे. पुरुषाला चांगला रस्ता म्हणजे खड्डे नसलेला, वळणाचा, दोन्ही बाजूंना झाडी. आम्हाला तेवढ्यानं भागत नाही. मूत्राशयाचं काय? पेट्रोल पंपावर पाणी, हवा आणि शौचालय ग्राहकाला मोफत द्यायच्या सोयी आहेत. पण बायकांच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. म्हणून आमच्या वहिनीनं एक वही केली आहे. तिच्यात कोणत्या पंपाचं दार उघडं, कोणत्या हॉटेलात बायका बसलेल्या असतात, कुठं मोबाइलला रेंज नाही, कुठं पंक्चरवाला रविवारीही असतो, हे लिहिलेलं आहे. आमचा नकाशा तो.

त्या वहीतले थोडे रस्ते सांगते. औंढ्याचा रस्ता पहिला, कारण तो सगळ्यांना जमतो. गावाच्या भोवती डोंगर आणि जंगल आहे, फाल्गुनात पळस पेटलेला असतो. देवळात गेलात तर नंदी मागच्या बाजूला आहे. नामदेवांना कीर्तनासाठी मागे पिटाळलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा सांगतात. ज्याला दारातून हाकललं त्याच्यासाठी देऊळ फिरलं! ही गोष्ट माझ्या नर्स मैत्रिणीला इतकी आवडते की प्रत्येक खेपेला ती नव्या बाईला पुन्हा सांगते. औंढ्याहून पुढे पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण. वरच्या येलदरीतून पाणी इथं येतं आणि कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडे जातं. थंडीत सकाळी तिथं पोचलात तर पाण्यावर धुकं असतं. पण जाताना जपून, थंडीत उसाच्या ट्रॉल्या चालू असतात, मागे धड लाल दिवाही नसतो. अंधारात निघूच नका. नर्सीचा रस्ता जवळचा, कयाधूच्या काठाचा. परतवारी एकादशीची गर्दी टाळा, एरवी सुनसान. पावसाळ्यात मात्र डांबर सोडून काळ्या मातीत चाक घालायचं नाही. ती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी गच्च बसते की काडीनं टोकरत बसावं लागतं. आम्ही एकदा पाऊण तास टोकरलं आहे. कळमनुरीकडून पैनगंगेवरच्या इसापूर धरणाकडे गेलात तर पाणी संपता संपत नाही. आणि माघ-फाल्गुनात वसमतचा रस्ता कोणी सोडू नये. शेताशेतात हळद शिजवत असतात, त्या वाफेचा वास कुठल्याही अत्तराला यायचा नाही. माझं माहेर तिकडचं आहे, त्यामुळे मी थोडा पक्षपात करत असेन.

मोठं शहर म्हणजे आम्हाला नांदेड. अकोला–नांदेड महामार्ग रुंद झाल्यापासून जाणं सोपं झालं, पण सोपं म्हणजे आनंदाचं नव्हे. रुंद रस्त्यावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात आणि स्कूटी वाऱ्यानं हलते. आम्ही सहाला निघतो, वारंगा फाट्यावर खिचडी खातो, अर्धापूरच्या केळीच्या बागा बघत आसना पुलावरून शहरात शिरतो. शहरात फिरायची वेळ सकाळचीच. २००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली तेव्हा गुरुद्वाऱ्याच्या भागातले रस्ते रुंद झाले, ते सकाळी चालवायला छान. लंगरमध्ये कोणीही बसावं, तुम्ही कोण, कुठल्या, कशाला आलात, कोणी विचारत नाही. मग गोदावरी ओलांडून विष्णुपुरीला, काळेश्वराच्या देवळाशी पाण्याकाठी बसायचं. दम असेल तर लोह्याच्या रस्त्याला वडेपुरीची रत्नेश्वरीची टेकडी. शहराचं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? तिथं मी कोणाची कोण हे कोणाला ठाऊक नसतं. आमच्याकडे गावात थांबलं की पहिला प्रश्न, "कोणाची गं तू?" त्या प्रश्नात बाप, नवरा आणि जात तिन्ही विचारलेलं असतं. आमच्यातल्या दोघी बौद्ध आहेत, एक मुसलमान. त्यांच्यासाठी चहाला कुठं थांबायचं हेही वहीत आहे, आणि ते मला सुरुवातीला सुचलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर लिहिलं.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली. सिद्धेश्वरला आम्ही सगळ्यांनी गाड्यांवर बसून फोटो काढला, आणि मी तो उत्साहानं मोबाइलवर चार ठिकाणी पाठवला. दुपारपर्यंत तो आमच्यातल्या एका आशाताईंच्या गावच्या ग्रुपवर फिरत होता. खाली काय काय लिहिलं होतं ते इथं सांगत नाही, तुम्हाला कल्पना आहे. संध्याकाळी त्यांच्या दिरानं गाडीची किल्ली काढून घेतली. गाडी दिराच्या नावावर होती. पगार ताईंचा, हप्ते ताईंचे, आरसी बुकावर नाव दिराचं. तेव्हापासून बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर ताई रस्त्यावर उभं राहून कोणाच्या तरी मागे बसतात. मी त्यांच्या घरी गेले, सासूबाईंच्या पाया पडले, भाऊजींशी बोलले. ते म्हणाले, "कामाला जायला आमची कधी ना नव्हती मॅडम. हे फिरणं कशाला?" ताई आत चुलीपाशी होत्या. बाहेर आल्या नाहीत. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, पण त्या अजून आमच्यात परत आलेल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही फोटो काढत नाही.

आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, गाडी कोणाच्या नावावर? शेतीच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडतोय. एम.एच. ३८ नंतरचे जे चार आकडे असतात, त्यांच्या मागे कोणाचं नाव आहे हे मात्र आपण बघत नाही. नवरा वारलेल्या बायकांचं तर फारच अवघड. औंढा तालुक्यातल्या एका ताईंच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. तहसीलला 'पात्र' की 'अपात्र' हे ठरेपर्यंत त्या हेलपाटे घालत होत्या, आणि नवऱ्याची मोटारसायकल गोठ्यात उभी होती. पुतण्या ती नेणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. नियम असा आहे की, मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. २०२१ पासून आरसीवर आधीच नामनिर्देशन करून ठेवायचीही सोय झाली आहे. आम्ही ताईंबरोबर गेलो, मुदत टळून गेली होती, दंड भरला, नाव लावलं. मग त्या गिअरची गाडी शिकल्या, आठवडी बाजाराच्या मैदानावर, बाजार नसलेल्या दिवशी. दोनदा पडल्या. पहिल्यांदा आमच्याबरोबर सिद्धेश्वरला आल्या तेव्हा भिंतीवर बसून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ताई, हे गेल्यापासून मी बँक, तहसील अन् कोर्ट एवढेच रस्ते बघितले होते."

मघाशी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ मैत्रिणीनं मला विचारलं, तिला पेट्रोल कोण देतं? लिटरला शंभराच्या वर भाव, आणि तू फिरायचं सांगतेस? प्रश्न योग्य आहे. आमच्या दोन गाड्यांवर तिघी-चौघी आळीपाळीनं बसतात, पेट्रोल वाटून घेतो, घरच्या भाकरी नेतो. तरीही ज्यांना परवडत नाही अशा खूप आहेत. उसतोडीला जाणारी बाई शेकडो किलोमीटर ट्रॉलीत बसून जाते, तिचा प्रवास माझ्यापेक्षा मोठा, आणि त्यातला एकही किलोमीटर तिनं निवडलेला नाही. तिच्यापर्यंत ही वही पोचलेली नाही, हे मी मान्य करते. पण आनंदाचा हक्क सगळे प्रश्न सुटल्यावर मागायचा असं ठरवलं, तर आपल्या बायकांना सत्तरीशिवाय घराबाहेर पडायला नको. आणि अनुभव असा की, जी बाई रविवारी कारण न सांगता बाहेर पडायला शिकते, ती सोमवारी ठाण्यात तक्रार द्यायला कमी घाबरते. अर्थात तिनं ठाण्यात जावं म्हणून मी तिला फिरायला नेत नाही. तसं म्हटलं तर मी पुन्हा डिकीत फॉर्म ठेवल्यासारखंच होईल.

येहळेगावच्या काकांचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात पुन्हा भेटले. "आज कुठं मीटिंग?" मी म्हणाले, "आज काही नाही काका, सहज." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मागच्या सहा गाड्यांकडे पाहिलं, आणि चहावाल्याला म्हणाले, "सात... नाही, अकरा घे रे."

येत्या रविवारी आम्ही इसापूरला जातोय. कळमनुरीच्या बसस्थानकाबाहेर सकाळी साडेसहाला जमायचं. मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, दोन जादा आहेत माझ्याकडे. पेट्रोल आदल्या रात्री भरून ठेवा, ओढणी नीट खोचा, आणि कोणाला गाडी येत नसेल तर तिनंही यावं, मागच्या सीटवर जागा आहे. वही वहिनीकडे आहे. तुमच्या भागातले रस्ते तिला चहाच्या सुट्टीत सांगा.